एचएमटी खाता की मनगटावर बांधता?

वाण्याकडे एचएमटी तांदूळ मागताना तुम्ही चक्क एका घड्याळाचं नाव घेत असता. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे (गुरुद्वाऱ्याचं नांदेड वेगळं, चुकून तिकडची गाडी पकडू नका). तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ वाणाच्या धानात तीन लोंब्या वेगळ्याच, पिवळसर दिसल्या. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. पण नजर बारीक. लोंब्या काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. असं वर्षानुवर्षं चाललं. तांदूळ बाजारात आला तेव्हा त्याला नावच नव्हतं. त्या काळी मनगटावर एचएमटी असणं म्हणजे काय तोरा! व्यापाऱ्याने तेच नाव चिकटवलं आणि ते चाललं. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’च्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत दादाजी झळकले, २०१८ मध्ये गेले. त्यांच्या धानावर कित्येकांची घरं वर आली, त्यांचं मात्र नाही. ही गोष्ट भात वाढताना पोरांना जरूर सांगावी.

बँक म्हटलं की आपल्याला पासबुक आठवतं. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांच्या बँकेत वाल, घेवडे, भात, नाचणीचं गावरान बियाणं ठेव म्हणून असतं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना लोक ‘बीजमाता’ म्हणतात. २०२० मध्ये त्यांचं नाव पद्मश्रीच्या यादीत आलं.

बियाणं नुसतं बरणीत ठेवून भागत नाही, हेही खरं. वाण टिकतो तो ताटात. कोरेगावचा वाघ्या घेवडा (अंगावर पट्टे आहेत, म्हणून वाघ्या), आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, भिवापूरची मिरची या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. छान झालं. पण गिऱ्हाईकच नसेल, तर शेतकरी ते प्रमाणपत्र काय मिरचीसोबत वाटणार?

आता पाण्याकडे वळू. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम ऐकून भल्याभल्या बागायतदारांच्या भुवया उंचावतील: पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळणार. माणशी अर्धा एकर, घरटी जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला सक्त मनाई! साखरेच्या राज्यात असं म्हणायला छाती लागते.

गोव्यात तर दारवानच पाणी आहे. खाडीकाठच्या खाजन शेतीत बांधाला ‘मानस’ नावाचं लाकडी दार असतं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने दार मिटतं, खारं पाणी बाहेर. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून निघून जातं. मोटर नाही, विजेचं बिल नाही. तरी थोडा खारटपणा मुरतोच, म्हणून तिथे कोरगुट भात लावायचा. त्याला मीठ चालतं.

भज्यांचं बेसन रानातही खपतं बरं का. अमरावतीच्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांच्या जीवामृताचं, म्हणजे जमिनीत घालायच्या आंबवणाचं, साहित्य: २०० लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, दोन दिवस सावलीत आंबू द्यायचं. गूळ-बेसन पिकासाठी नसतं. मातीतल्या जिवाणूंची ती मेजवानी. त्याने उत्पन्न किती वाढतं यावर जाणकारांत वाद आहेत. शेजाऱ्यांत वासावर नसावेत.

आणि अलिबागचा पांढरा कांदा! भात निघाल्यावर त्याच जमिनीत लावतात. काढला की पात कापत नाहीत. ती वाळवून वेणीसारखी गुंफतात आणि माळ तयार होते. उन्हाळ्यात रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दिसतात. चव गोडसर, म्हणून कच्चाच खावा. फोडणीत घालणं म्हणजे उधळपट्टी. मानांकन मिळाल्यावर कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवणारेही निघाले. तेव्हा गाडी थांबवा, कुठल्या गावचा ते विचारा. खंडाळे, कार्ले, वेश्वी असं काही चटकन आलं तर पिशवी उघडा. माळ घरी आणलीत की फ्रिजमध्ये कोंबू नका, वारा लागेल अशा खुंटीवर टांगा.