थेंबाचा माग

मुलांनो, आंबा घाट चढून एक डिझेल गाडी कोल्हापूरला आली आणि रात्रभर अंगणातल्या शहाबादी फरशीवर उभी राहिली. सकाळी फरशीवर काळा डाग. बोट लावून पाहिलं तर बुळबुळीत, जळकट वासाचं. एसीचं पाणी स्वच्छ असतं, कूलंट हिरवं किंवा गुलाबी असतं. हे इंजिन तेलच होतं. गाडी दहा वर्षांची, टर्बोवाली. पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं आणि लगेच निकाल मिळाला, ‘टर्बो गेला, नवीन टाका.’

टर्बोभोवती तेल होतं, हे खरं. पण जिथे तेल दिसतं तिथूनच ते आलं, असं मानण्याची घाई करायची नसते. या घाईपायी कितीतरी धडधाकट टर्बो भंगारात जातात, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. तेव्हा आज आपण त्या थेंबाचा माग उलटा काढत जाऊ. वाटेत निसर्गाच्या तीन-चार मोठ्या करामती भेटतील.

आधी टर्बो म्हणजे काय ते ऐका. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा तापलेल्या धुराबरोबर बाहेर निघून जातो. हा धूर कामाला लावायचा, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरची. त्याचं पेटंट 1905 सालचं. धुराच्या जोरानं एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवायचं आणि त्या दुसऱ्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येतं, आणि लहान इंजिन मोठ्याची ताकद दाखवतं.

डिझेल गाडीत धुराच्या बाजूचं चक्र 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या वायूत फिरतं. मोटारीतल्या लहान टर्बोचा दांडा मिनिटाला 2 लाख फेरे घेऊ शकतो, म्हणजे सेकंदाला 3,000हून जास्त. वही घेऊन हिशोब करा. चक्राचा व्यास 4 सेंटिमीटर धरलात, तर पात्याचं टोक सेकंदाला 400 मीटरहून जास्त पळतं. आवाज हवेतून जातो सेकंदाला सुमारे 340 मीटर. आवाजाला मागे टाकणारी ही वस्तू बॉनेटखाली एवढ्याशा जागेत फिरत असते.

मग एवढ्या वेगानं फिरणारा दांडा टेकतो कशावर? काही टर्बोंत बॉल बेअरिंग असतं. पण बहुतेक गाड्यांत दांड्याभोवती धातूची गुळगुळीत बुशं असतात आणि मधल्या बारीक फटीत तेल. दांडा वेगात आला की धातूला शिवतच नाही. तेलावर तरंगतो.

ही करामत माणसाच्या ध्यानात आली ती एका बुचामुळे. घर्षणाचा अभ्यास करण्यासाठी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेनं बीचम टॉवर नावाच्या इंजिनिअरकडे प्रयोग सोपवले होते. त्याचा पहिला अहवाल 1883 सालचा. त्यानं एक जाड आस आडवा ठेवला, त्याचा खालचा भाग तेलात बुडवला, वरून अर्धगोल बेअरिंग बसवलं आणि त्यावर मोठा भार दिला. मग तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरवला, तर काय व्हावं? वरून तेल आत जायचं सोडून आतलं तेल भोकातून वर आलं आणि ओसंडून वाहू लागलं. टॉवरनं भोकात बूच ठोकलं. बूच बाहेर. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली.

दुसऱ्या कुणी चिडून भोक बुजवून टाकलं असतं. टॉवरनं तिथे दाबमापक जोडला. तो चौरस इंचाला 200 पौंडांपर्यंत दाब दाखवणारा होता आणि काटा त्याच्याही पलीकडे गेला. बेअरिंगवरचा भार सरासरी काढला, तर तो चौरस इंचाला जेमतेम 100 पौंड होता! तेलानं तो सगळा भार स्वतःच्या अंगावर तोलून धरला होता. मला या गोष्टीत सगळ्यात प्रिय आहे ती टॉवरची ती नजर. बूच का उडतंय, हे त्यानं विचारलं.

तीन वर्षांनी, 1886 साली, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. भाराखाली आस किंचित एका बाजूला सरतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि पुढे निमुळती होते. तेल चिकट असल्यामुळे फिरता आस त्याला स्वतःबरोबर ओढून नेतो. निमुळत्या जागेत ते दाटतं, दाब वाढतो आणि आस उचलला जातो. पंपाचं काम फक्त तेल पोचवायचं. उचलणारा दाब फिरण्यातूनच जन्मतो.

आता टर्बोत तेल येतं कसं आणि जातं कसं? येतं ते बारीक नळीतून, पंपाच्या दाबानं. बुशांच्या फटींतून जाताना तो दाब सगळा खर्च होतो आणि तेल हवेचा फेस घेऊन खाली पडतं. तिथून रुंद रिटर्न पाइपातून ते इंजिनच्या तळच्या चेंबरमध्ये परततं, फक्त स्वतःच्या वजनानं. दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसतात. त्या उष्णतेत आणि त्या वेगात रबर टिकणारच नाही. तिथे धातूच्या बारीक रिंगा असतात. तेल आत साचलं नाही, तरच त्या त्याला अडवू शकतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा उलगडा इथेच होणार आहे.

कोल्हापूरच्या त्या गाडीला सुदैवानं दुसरे मिस्त्री भेटले. वयानं मोठे, बोलायला कमी. त्यांनी लगेच पाना हातात घेतला नाही. थंड इंजिनवरची वायरिंगची जोडणी झाकली, मग इंजिन धुऊन अगदी कोरडं केलं. कारण जुन्या काळ्या राडीत नवा थेंब दिसत नाही.

इथे तेलाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. स्वच्छ पत्र्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि शेजारी तेलाचा. तेल लवकर पसरत जातं. पाण्याचा पृष्ठताण तेलाच्या दुपटीहून अधिक, म्हणून पाणी स्वतःला आवरून धरतं. तेल मात्र धातूला लपेटून घेत सगळीकडे सरकतं, बारीक फटीत शिरतं, वायरीच्या तारांमधून केशाकर्षणानं वरसुद्धा चढतं. त्यात पंख्याचा आणि धावत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून डागाच्या वर, आणि पुढच्या बाजूला, सगळ्यात उंचावरची ओली जागा शोधायची.

ती डोळ्यांना दिसेना, तर तेलात थोडा खास रंग मिसळतात, गाडी एक चक्कर फिरवून आणतात आणि अंधारात अतिनील टॉर्च मारतात. तेलाची वाट पिवळट हिरवी उजळते. अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत. रंगाचे रेणू ते गिळतात, थोडी ऊर्जा आत जिरवतात आणि उरलेली दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत देतात. जॉर्ज स्टोक्सनं 1852 साली क्विनीनच्या द्रावणावर हाच खेळ अभ्यासला होता. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असतं. त्यावर तोच टॉर्च धरलात तर निळा उजेड दिसेल.

गाडीत ती हिरवी रेघ टर्बोच्या माथ्यावर, तेल आणणाऱ्या नळीच्या बँजो बोल्टपाशी सुरू होत होती. हा बोल्ट नळीच्या टोकाच्या ज्या कड्यातून जातो, त्याच्या वर-खाली तांब्याचे दोन वॉशर असतात. आवळताना तांबं चेपतं आणि खाचाखोचा भरून काढतं. पण एकदा चेपलेलं तांबं कडक होतं, कारण त्याच्या स्फटिकांची रचना आतून गुंतून जाते. तोच वॉशर पुन्हा लावला, तर तो दुसऱ्यांदा तसा चेपत नाही आणि तेल पाझरतं. पुण्याच्या कसबा पेठेतले तांबट हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. भांडं घडवताना ते तांबं पुन्हा पुन्हा तापवून मऊ करतात आणि शेवटी मठारकाम करून, हातोडीचे ठोके देऊन, भांड्याला कणखरपणा आणतात. एकच धातू, तापवला की नरम, ठोकला की कठीण. मिस्त्रींनी दोन्ही वॉशर नवे घातले आणि बोल्ट टॉर्क पान्यानं, सांगितला तेवढाच आवळला.

गळती थांबली का? वरची थांबली. पण हवेच्या बाजूचा पाइप काढला, तर आत तेल साचलेलं. तिथे तेलाचा पातळ ओलावा चालतो. एवढं तेल चालत नाही. आणि मिस्त्रींना आणखी एक गोष्ट दिसली. तेल मोजायची डिपस्टिक तिच्या जागेवरून दोन बोटं वर सरकली होती. ती कुणी ओढली नव्हती. टॉवरच्या खुंटीसारखी आतल्या दाबानं वर आली होती.

पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. गॅरेजच्या बोलीत हे बॅक कॉम्प्रेशन. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदरची वाट ठेवलेली असते. ती तुंबली की चेंबरमध्ये दाब चढतो आणि टर्बोतून केवळ वजनानं उतरणारं तेल खाली उतरेनासं होतं. मग ते टर्बोतच साचतं आणि तिथल्या रिंगा ओलांडून दोन्ही चक्रांकडे जातं.

मिस्त्रींनी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडलं आणि इंजिन चालू केलं. पाण्याची एक बाजू खाली गेली, दुसरी वर चढली. मग ब्रीदर उघडला. आत चिखलासारखा काळा गाळ, उशिरा बदललेल्या तेलाचा आणि आतल्या वाफेचा. तो साफ केला, तेल आणि फिल्टर बदलले, हवेचा फिल्टरही बदलला, कारण तो तुंबला तर चक्र तेल ओढून घेतं. पुन्हा नळी लावली, तर दोन्ही बाजूंचं पाणी जवळजवळ एका पातळीत.

राहिला टर्बो. गार इंजिनवर मिस्त्रींनी दांडा बोटांनी हलवला. आडवा किंचित हलला. हलणारच, कारण ती तेलाची जागा आहे. पुढे-मागे मात्र जाणवण्याइतका सरकला नाही आणि पाती कुठे घासलेली नव्हती. टर्बो उत्तम होता. कारण शोधल्याशिवाय नवा बसवला असता, तर त्यानंही तेल टाकलं असतं.

अशी गळती अंगावर काढू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेलं तेल पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिनला तर हवेच्या वाटेनं तेल भरपूर मिळालं, तर चावी बंद केल्यावरही ते स्वतःचंच तेल जाळत बेफाम पळत राहतं.

आणि मोठेपणी गाडी चालवाल तेव्हा एवढं करा. घाट चढून आलात, किंवा हायवेवरून जोरात येऊन थांबलात, तर चावी लगेच फिरवू नका. इंजिन बंद होताच तेलाचा प्रवाह थांबतो, पण धुराच्या बाजूचं लोखंड अजून धगधगत असतं. अडकलेलं तेल तिथेच जळतं आणि त्याचा कोळसा बुशांत आणि नळीत बसतो. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा, मग बंद करा.