वसईवर डोळा

भाईंदरच्या धक्क्याला वसईची रो-रो बोट लागते तेव्हा मी दोर बांधणाऱ्या खलाशाचे हात पाहत राहतो. पाण्याची ओढ ओळखून तो दोर आधी सैल सोडतो, मग झटक्यात वेढे आवळतो. लोखंडी रॅम्प खाली येतो, रिक्षा-दुचाकी चढतात आणि बोट पश्चिमेकडे निघते. डावीकडे धारावी बेटाच्या टेकड्या, उजवीकडे वसईचा कोट, पुढ्यात समुद्र. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो, तेव्हा सुकाणूवरचा माणूस काठापासून दूर, खोल पाणी धरून जातो. पाठीमागे हीच खाडी घोडबंदरवरून ठाणे-कल्याणपर्यंत आत शिरते. मुख ज्याच्या हाती, आतला माल त्याच्या हाती, हे इथे उभं राहिलं की समजतं.

सुरतेच्या इंग्रज वखारीला ते फार आधी समजलं होतं. मुंबई आणि वसई पोर्तुगीजांकडून विकत घ्यावी, असं तिथून १६५२ मध्ये सुचवलं गेलं. तेव्हा राजाचा शिरच्छेद करून इंग्लंडात प्युरिटनांचं प्रजासत्ताक आलेलं होतं. १६५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हीच दोन नावं त्याचा प्रमुख ऑलिव्हर क्रॉमवेलपुढे ठेवली. वसई म्हणजे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी, तीच मागायची!

पण तेव्हा पोर्तुगाल खरोखरच कोंडीत होता. राजपक्षाच्या प्रिन्स रूपर्टच्या जहाजांना लिस्बनने आसरा दिला, म्हणून १६५० मध्ये रॉबर्ट ब्लेकच्या इंग्रज आरमाराने टॅगस नदीचं मुख अडवलं होतं. १० जुलै १६५४ च्या तहाने पोर्तुगीज मुलखात इंग्रजांना व्यापाराची मुभा मिळाली, शिवाय आपल्या धर्माने उपासना करण्याचीही. लिस्बनचा राजा मंजुरी देईना. १६५६ मध्ये इंग्रज आरमार पुन्हा दारात उभं राहिल्यावर त्याने मान तुकवली.

तरी वसई मिळाली नाही. क्रॉमवेलचं बळ स्पेनशी लढण्यात आणि कॅरिबियनमध्ये गुंतलं. १६५५ मध्ये जमैका हाती आलं. मुंबईची गोष्ट आपण पोर्तुगीज राजकन्येच्या १६६१ च्या आंदणापासून सांगतो, ते मला अपुरं वाटतं. लग्न दुसऱ्या चार्ल्सचं, पण मागणी त्याच्या बापाला मारणाऱ्यांच्या काळातली, आणि तिच्यात आपली ही खाडीही होती. आंदणात मुंबई गेली. वसई आणि आजचं मीरा-भाईंदर ज्या साष्टीत येतं ती साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यांच्याकडून हा मुलूख पैशाने किंवा तहाने सुटला नाही. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आधी साष्टी गेली, मग धारावीचा किल्ला, आणि मे १७३९ मध्ये वसई.