ग्रेडरवाले चाचा आणि लॉगबुकाचे शेवटचे पान

रमजान आला की आमच्या घराचे घड्याळ बदलते. पहाटे सहरी, दिवसभर कॉलेज, सूर्यास्ताला इफ्तार आणि रात्री तरावीहची नमाज. दुपारच्या तासिकेनंतर स्टाफरूममध्ये पंख्याखाली टेकलो की "आज जरा जड जातंय" असे माझ्या तोंडून हमखास निघते आणि सहकारी सहानुभूतीने पाहतात. गेल्या आठवड्यापासून मात्र ते वाक्य मी गिळून टाकतो. त्याला कारण गावाबाहेर बायपासच्या कामावर भेटलेले एक चाचा.

दुपारचे दोन वाजले होते. भरावाच्या कामासाठी वाहतूक अडवली होती, म्हणून मी मोटारसायकल कडेला लावून उभा राहिलो. शेजारी एका लांबलचक पिवळ्या यंत्राच्या सावलीत पिकल्या दाढीचे, डोक्याला रुमाल गुंडाळलेले गृहस्थ बाटलीतून पाणी पीत होते. माझ्या डोक्यावरची टोपी दिसताच त्यांनी बाटली पाठीमागे घेतली. मी सलाम केला. त्यांनी जवाब दिला, पण मान खाली घालून.

"सर, आज रोजा सोडला मी," मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले.

खरे सांगायचे तर तो प्रश्न माझ्या मनात आलाच होता. तो चेहऱ्यावरही दिसला असणार.

ते यंत्र म्हणजे मोटर ग्रेडर. जेसीबी आपल्याला ओळखू येतो, रोलरही येतो. ग्रेडर रोज बघूनही त्याचे नाव पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे दोन चाके, मागे चार आणि मधोमध पोटाखाली बारा फुटांचे आडवे पाते. कामावर त्याला ब्लेड म्हणतात. यंत्राचे वजन पंधरा टनांच्या आसपास. डंपर मुरमाचे ढीग टाकून जातात, ग्रेडर ते पसरवतो. टँकर पाणी मारतो, ग्रेडर ओला आणि कोरडा माल उलटापालटा करून एकजीव करतो, पुन्हा सारखा करतो आणि मग रोलर दाबतो. असे थरावर थर चढतात आणि शेवटी डांबर येते.

चाचा औसा तालुक्यातले. वडील सालगडी होते. "लहानपणी बैलामागं फळी मारायचो, सर. हे पण तेच काम. बैल तेवढा मोठा झाला," ते हसून म्हणाले. बावीस वर्षे ते ग्रेडर चालवत आहेत.

मी म्हणालो, "म्हणजे रस्ता सपाट करायचा."

"सपाट नाही. सपाट केला तर पाणी साचंल."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता लागतो. अडीच टक्के उतार धरला, तर सात मीटर रुंद रस्त्यावर मधल्या रेषेपासून कडेपर्यंत जेमतेम नऊ सेंटीमीटरचा फरक पडतो. डोळ्याला तो कळतही नाही, पावसाच्या पाण्याला मात्र कळतो. रस्तेबांधणीच्या सरकारी मानकांनुसार तळच्या मातीचा शेवटचा थर ठरल्यापेक्षा 20 मिलिमीटर वर किंवा 25 मिलिमीटर खाली चालतो. त्यावरच्या खडी-मुरमाच्या थराला 10 वर आणि 20 खाली, एवढीच सूट. पंधरा टनांच्या यंत्राने बोटाच्या जाडीचे माप सांभाळायचे!

त्यांच्या जुन्या ग्रेडरमध्ये स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना दांड्यांची रांग आहे. ब्लेडचे डावे टोक, उजवे टोक, ब्लेड फिरवणे, बाजूला सरकवणे, पुढची चाके कलती करणे, सगळे वेगवेगळ्या दांड्यांवर. माती ब्लेडला एका अंगाने ढकलते, म्हणून पुढची चाके तिरकी करून यंत्र रेषेत धरावे लागते. चाचा दांड्यांकडे बघतही नाहीत. "ब्लेड खोल गेलं की आधी बसल्या जागी कळतं, मग डोळ्याला दिसतं," ते म्हणाले.

आणि हे काम मध्येच सोडता येत नाही. पाणी मारलेला माल सुकायच्या आत सारखा करून दाबला नाही, तर तो घट्ट बसत नाही. पुन्हा पाणी, पुन्हा पहिल्यापासून. उन्हात माल भराभर सुकतो. टँकर येऊन गेला की विसावा नाही.

"पण सर, अवघड ते नाही," ते थांबून म्हणाले. "अवघड आहे मागं येणं."

ग्रेडर एक फेरी पुढे जातो आणि दुसरीसाठी बहुतेक वेळा तसाच मागे येतो. दिवसभर पुढे-मागे चालूच. त्याच वेळी हेल्पर पोरगा खुंट्यांना दोरी ताणून लेव्हल बघत फिरत असतो. धूळ उडते, इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही आणि मागचा बराचसा भाग ऑपरेटरला दिसत नाही.

2019 साली रमजान मे महिन्यात आला होता. चाचा तेव्हा दुसऱ्या कामावर होते. केबिनला एसी नव्हता. एकही रोजा सोडायचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. विसाव्या रोज्याच्या आसपास, दुपारी चार वाजता, मागे येताना त्यांची पापणी क्षणभर मिटली. उघडली तेव्हा रोलरवाला हात हलवून ओरडत होता. ब्रेक लागला. हेल्पर मागच्या चाकापासून दोन हातांवर खुंटी ठोकत वाकलेला होता. त्याला काही कळलेही नव्हते.

"त्या रात्री तरावीहला उभा राहिलो, पण एक आयत कानात गेली नाही. ते पोरगंच दिसत होतं."

ईदला गावी गेल्यावर त्यांनी मशिदीच्या इमामसाहेबांना सगळे सांगितले. इमामसाहेब म्हणाले, आधी कामाची वेळ बदलून मिळते का बघा. सहरी करा, रोज्याची नियत करा. पण उन्हाने डोळे जड झाले आणि कुणाच्या जिवाला धोका वाटला, तर रोजा सोडा आणि पुढे तो भरून काढा. राहिलेला रोजा रमजाननंतर ठेवायचा, त्याला 'कजा' म्हणतात. आजारी माणसाला आणि प्रवाशाला तर कुरआननेच सवलत दिली आहे आणि तिथेच सांगितले आहे की अल्लाहला माणसाची अडचण नको, सोय हवी.

तेव्हापासून चाचा रमजानच्या आधीच इंजिनीअरसाहेबांना विनंती करतात की बारीक काम सकाळी घ्या. या कामावरच्या साहेबांनी ऐकले. टँकर उजाडताच येतो आणि अकराच्या आत फिनिशिंग उरकते. त्या दिवशी रोजा पार पडतो. एखाद्या दिवशी डंपर उशिरा आले की काम दुपारवर जाते. आज तसेच झाले होते.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात हेल्पर आला. एकोणीस-वीस वर्षांचा, कपाळावर टिळा. "चाचा, बाटली पुरी संपवा, मगच चालू करू," असे बजावून दोरीचे भेंडोळे घेऊन तो पुढे गेला.

चाचांनी केबिनमधून लॉगबुक काढले. पुढच्या पानांवर रोजचे तास आणि डिझेल. शेवटच्या पानावर नुसत्या तारखा. गेल्या रमजानच्या सात, सगळ्या खोडलेल्या. "डिसेंबरात फेडले. दिवस लहान, ऊन कोवळं." त्याखाली या वर्षीची पहिली तारीख त्यांनी माझ्यासमोर लिहिली.

वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हाही ईमानाचाच एक भाग आहे, अशी पैगंबरांची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो. ज्यांचे सगळे आयुष्य वाट नीट करण्यात गेले, त्यांना माझी टोपी पाहून पाण्याची बाटली लपवावी वाटली. याचा दोष त्यांच्याकडे नाही. रोजा आहे का, हा रमजानमध्ये आपण सहज विचारतो तो प्रश्न मी यंदा कुणालाही विचारलेला नाही.

वाचकहो, बायपासवरून जाताना ग्रेडर दिसला तर वेग कमी करा आणि तो मागे येत असताना त्याच्या पाठीमागून गाडी काढू नका. मे अखेरपर्यंत तिथे डांबर पडेल. चाचांनी घासलेला एकही थर मग कुणाला दिसणार नाही. पहिल्या पावसात पाणी कडेला पळाले, तर तो थर नीट बसला होता असे समजायचे. तोवर ते दुसऱ्या कामावर गेलेले असतील, आणि लॉगबुकाचे शेवटचे पान डिसेंबरची वाट पाहत असेल.