विहाराचे कुंपण : वाढीआधी कापणी

धान निघाले की आमच्या एकोडीकडे गुरे-शेळ्या मोकाट सुटतात, आणि विहारासमोरचे बोधिवृक्षाचे रोप आधी त्यांच्या तोंडी पडते. आम्ही अशी दोन रोपे गमावली. तारेला पैसा नाही. बाभळीच्या काट्यांचा वाळवी वर्षभरात भुगा करते. तेव्हा जिवंत कुंपण हवे, आणि त्यासाठी अडुळशासारखे झाड नाही. शेळी त्याला तोंड लावीत नाही. खोकल्याच्या काढ्याला पाला घरचाच होतो.

पावसात कोवळे अंकुर तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खूसंघ एका जागी राहू लागला, तोच वर्षावास. आषाढ पौर्णिमेला तो सुरू होतो. लावणीचाही काळ हाच. दीड फूट रुंद, फूटभर खोल चर खणून शेणखत-माती जमिनीच्या थोडी वर येईल इतकी भरावी. आपल्या भागात पाणी साचते, आणि साचल्या पाण्यात कलम कुजते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर फांद्या घ्याव्यात व दोन डोळे मातीत दाबावेत. फुटा-फुटावर दोन ओळी, दुसरीतले रोप पहिलीतल्या दोघांच्या मधोमध. शंभर फुटांना सुमारे दोनशे कलमे लागतात.

खरी चूक पुढे होते. रोप फूटभर झाले की ते निम्मे छाटायचे. शेंड्याचा जोर असेतो खालचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा गेला की दोन-तीन फुटवे निघतात. पुन्हा वीतभर वाढले की पुन्हा निम्मे. आम्ही कात्री लावली तेव्हा "अवो बाई, आताच तं फुटलं होतं!" म्हणून आयाबाया रागावल्या. खरे सांगायचे तर आमचाही हात कचरला, आणि मागची बाजू तशीच राहू दिली. ती डोक्याएवढी झाली, पण बुडाशी एवढी विरळ की करडू आरपार जाई! पुढल्या पावसाळ्यात ती वीतभर ठेवून कापावी लागली. वर्ष वाया गेले.

आकार धानाच्या पुंजण्यासारखा असावा, बुडाशी रुंद, वर निमुळता. वर रुंद झाले की खालच्या पानांना ऊन मिळत नाही व तळ उघडा पडतो. वैशाखात छाटू नये. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे, बाहेरून काट्याही असू द्याव्यात.

छाटलेल्या फांद्या चुलीत घालू नका. पाऊस असेल तर त्यांचीच कलमे शेजारच्या वस्तीतल्या विहाराला पुरतात.