पाणी दिसेनासं झालं तर

बॉयलरचं काम शिकणाऱ्याला हमखास विचारावा असा एक प्रश्न आहे. बॉयलर चालू आहे, भट्टी पेटलेली आहे आणि गेज ग्लासमधलं, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काचेतलं, पाणी दिसेनासं झालंय. काय कराल? नवखा माणूस झटकन सांगतो, ‘पंप सुरू करून पाणी भरीन.’ हे उत्तर जीवघेणं आहे. पाणी खाली गेलं की उघड्या पडलेल्या नळ्या आणि पत्रे तापून लाल होतात. त्यांवर पाणी पडलं तर त्याची क्षणात वाफ होते. उघड्या हवेत पाण्याची वाफ झाली, तरी ती पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा मागते. बंद भांड्यात तिला ती मिळत नाही. म्हणून आधी गेज ग्लासचे कॉक उघडझाप करून काच चोंदली नाही ना हे पाहायचं, पाणी खरंच नसेल तर आग बंद करायची, पाणी तोडायचं आणि बॉयलर आपोआप निवू द्यायचा.

हा क्रम पुस्तकात वाचून पाठ होतो, पण ऐन वेळी हाताला आठवेलच असं नाही. म्हणून बॉयलरचा परवाना हवा असलेल्याकडून कायदा अभ्यासाआधी अनुभव मागतो.

गिरणीपासून कायद्यापर्यंत

नागपुरात मोठ्या उद्योगाची वाफ आली ती एम्प्रेस मिलबरोबर. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, 1 जानेवारी 1877 रोजी, जमशेदजी टाटांनी ही गिरणी सुरू केली. आजूबाजूला कापूस, वरोऱ्याकडे कोळसा आणि दाराशी रेल्वे, असं गणित होतं. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले. याच गिरणीने 1895 मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्याची सोय केली.

बॉयलरच्या सुरक्षिततेचा कायदा मात्र कलकत्त्याच्या स्फोटातून जन्मला. 1863 मध्ये तिथे बॉयलर फुटून माणसं मेली आणि 1864 मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे झाले. एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्यात नियमबाह्य ठरू लागला, तेव्हा समिती नेमली गेली आणि 1923 चा भारतीय बॉयलर कायदा आला. कामगार नुकसानभरपाईचा कायदाही त्याच वर्षीचा. अपघात टाळणं आणि झालेल्या अपघाताची किंमत मोजणं, दोन्ही एकाच वर्षी देशभर कायद्यात आलं.

बॉयलर कशाला म्हणायचं, तेही कायद्याने ठरवलंय. वाफ बाहेर वापरण्यासाठी तयार करणारं दाबाखालचं भांडं म्हणजे बॉयलर. 25 लिटरपेक्षा लहान भांडं, दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून कमी दाबाचं भांडं आणि पाणी 100 अंशांच्या खालीच तापवणारं भांडं बॉयलरमध्ये मोडत नाही. रेल्वेच्या इंजिनांचे बॉयलरही या कायद्याबाहेर. नागपूरच्या नॅरोगेजवर धावलेल्या वाफेच्या इंजिनांना बॉयलर निरीक्षकाचा शिक्का लागत नव्हता, पण शहरातल्या गिरणीच्या बॉयलरला लागत होता.

सेकंड क्लास, फर्स्ट क्लास

महाराष्ट्रात बॉयलरची नोंदणी आणि तपासणी पाहतं बाष्पके संचालनालय. नोंदणी झालेल्या बॉयलरला ‘एमआर’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि तो बॉयलरवर कोरला जातो. पण बॉयलरचा दाखला वेगळा, माणसाचा वेगळा. मालकाकडे पहिला असला, तरी दुसरा असलेला माणूस ताब्यात असल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही.

माणसाच्या दाखल्याच्या तीन पायऱ्या आहेत. सेकंड क्लास अटेंडंट, फर्स्ट क्लास अटेंडंट आणि त्यांच्या वर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर. केंद्राने 2011 मध्ये अटेंडंट आणि इंजिनिअर या दोघांसाठी नियम केले. कोणाला कोणता बॉयलर, हे हीटिंग सरफेसवर ठरतं, म्हणजे एका बाजूला आग आणि दुसऱ्या बाजूला पाणी असलेल्या धातूच्या क्षेत्रफळावर. 1000 चौरस मीटरच्या वर गेलं की इंजिनिअर लागतो.

सुरुवात सेकंड क्लासपासून. उमेदवार 18 वर्षांचा हवा आणि त्याने नोंदणीकृत बॉयलरवर फायरमन किंवा मदतनीस म्हणून काम केलेलं हवं. ते काम कुठल्या बॉयलरवर आणि किती काळ केलं, याचा दाखला मालक देतो. बॉयलर अटेंडंट ही शिकाऊ उमेदवारीतलीही मान्य शाखा आहे. मग परीक्षक मंडळापुढे परीक्षा. तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह, फीड पंप, ब्लो डाऊन, प्रेशर गेजची लाल खूण, फ्युजिबल प्लग हे सगळं येतं. हा प्लग म्हणजे ठरावीक उष्णतेला वितळणाऱ्या धातूचं बूच. पाणी उतरलं की ते वितळतं आणि वाफ आगीवर सुटते. पाणी कमी झाल्याची ती शेवटची आरोळी. बूच वितळलं, तर अटेंडंटचं लक्ष आधीच चुकलेलं असतं.

परवान्याशिवाय बॉयलर ताब्यात घेता येत नाही आणि बॉयलरपाशी राबल्याशिवाय परवाना मिळत नाही. हा पेच वाटतो, पण त्याचं उत्तर नियमातच आहे: परवानाधारकाच्या हाताखाली शिकायचं. खरी पात्रता तिथेच घडते. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या बॉयलर हाऊसमध्ये शिकाऊ पोराला आधी क्लिंकर, म्हणजे भट्टीतली घट्ट झालेली राख, ओढायला लावतात, मग काच धुवायला, मग ब्लो डाऊन, म्हणजे तळाचा गाळ पाण्याबरोबर बाहेर सोडायला. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या उसना तांदळाच्या गिरण्यांत तो धानाचा कोंडा भट्टीत टाकतो. ज्वालेच्या रंगावरून हवा कमी की जास्त, पंपाच्या आवाजावरून तो पाणी खेचतोय की नुसता फिरतोय, हे त्याला तिथेच कळू लागतं.

कोराडीत काच नाही

नागपूरपासून जवळच कोराडी. इथलं औष्णिक वीज केंद्र 1974 मध्ये सुरू झालं, आणि 2015 पासून तिथे 660 मेगावॉटचे तीन सुपरक्रिटिकल संच आले. सुमारे 221 बार दाब आणि 374 अंश तापमानाच्या पलीकडे पाणी आणि वाफ वेगळी उरतच नाहीत. चालू संचात पाण्याची पातळी अशी नसतेच, मग गेज ग्लासमध्ये पाहायचं काय? इथे पडद्यावरचे आकडे वाचावे लागतात.

पण जबाबदारी पडद्यावर टाकता येत नाही. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशातल्या ऊंचाहार वीज केंद्रात 500 मेगावॉटच्या संचात भट्टीच्या तळाशी राख साचली होती. तिथे झालेल्या स्फोटात 40 हून अधिक माणसं गेली. साचलेली राख कोणाला तरी दिसलेली असते. प्रश्न असतो ‘संच बंद करा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो वापरण्याची हिंमत कोणात आहे.

कागद आणि उमेदवारी

2025 मध्ये शंभर वर्षांहून जुना कायदा जाऊन नवा बॉयलर कायदा आला. सात गुन्ह्यांपैकी जीव आणि मालमत्ता धोक्यात आणणाऱ्या चार गुन्ह्यांसाठी फौजदारी शिक्षा कायम आहे. धोक्याची बाब शासनाने सोडलेली नाही, हे बरं झालं.

तरी या परवान्याचं सगळ्यात हळवं ठिकाण कायद्यात नाही, अनुभवाच्या दाखल्यात आहे. बॉयलर हाऊस कंत्राटावर गेलं, माणसं दर काही महिन्यांनी बदलली, तर उमेदवारी पुरी होण्याआधीच कागद पुरा होतो. परीक्षकाच्या हातात मग फक्त तोंडी प्रश्न उरतात, आणि पाठ केलेली उत्तरं कुणीही देऊ शकतो.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. प्रत्येक पाळीला बॉयलरची लॉगबुक भरायची असतेच. तीत हाताखालच्या शिकाऊ माणसाचं नाव आणि त्या पाळीत त्याने केलेलं काम लिहावं, त्याखाली परवानाधारकाची सही असावी, आणि अनुभवाचा दाखला त्या नोंदींवरून द्यावा. परीक्षकाने ती लॉगबुक मागवून पाहावी. वही आणि उमेदवाराची उत्तरं जुळली नाहीत, तर परीक्षा तिथेच थांबवण्यात काही वावगं नाही.