तुमचा डेटा किती किलो?

'अगं, फोन फार जड झालाय. तेवढे फोटो उडव ना!'

हे वाक्य ऐकलं नाही असं घर सापडणार नाही. बोईसरला उतरा, सरावलीच्या दिशेने चालू लागा आणि एमआयडीसीची शिफ्ट सुटायच्या वेळी कुठल्याही मोबाइलच्या दुकानाशी दोन मिनिटं रेंगाळा. मेल हेवी आहे म्हणून जात नाही. सर्व्हरवर लोड आलाय. व्हिडिओ जरा हलका करून पाठव. आपल्या बोलण्यात डेटा चक्क किलोवर मोजला जातो, बॉस!

यात तसं काही वावगं नाही. डोकं जड होतं, जेवण जड होतं, मग फोन का नाही? गंमत तेव्हा येते, जेव्हा कुणी हे मनावर घेतं. कुरियरच्या काउंटरवर हार्ड डिस्क ठेवून 'आतलं थोडं काढून टाकलं तर चार्ज कमी लागेल का?' असं विचारणारा भेटतो. दोन पेन ड्राइव्ह दोन हातांत तोलून 'हा भरलेला वाटतोय' असं छातीठोक सांगणाराही भेटतो. लगेच हसू नका. कारण 'छे, डेटाला कसलं वजन?' हे आपलं स्मार्ट उत्तरही पूर्ण बरोबर नाही.

एके काळी तर डेटाला रीतसर वजन होतं. १९६४ साली मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० नावाचा अगडबंब कॉम्प्युटर आला. त्या जमान्यात प्रोग्राम लिहायचा म्हणजे जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडायची. एका कार्डावर ८० अक्षरं. दोन हजार कार्डांचा खोका साधारण पाच किलोचा, आणि त्यात मावणार किती? १६० केबी. म्हणजे मावशीने सकाळी सहाला पाठवलेलं गुलाबाच्या फुलाचं एक 'शुभ सकाळ'! तुमच्या खिशातला १२८ जीबीचा फोन याच हिशेबाने कार्डांवर उतरवायचा तर आठ लाख खोके लागतील, चार हजार टन. सोळा टन माल घेणारे अडीचशे ट्रक चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे निघालेत, असं डोळ्यांसमोर आणा. त्या रस्त्याची सवय असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कॉम्प्युटरवाल्यांमध्ये या कार्डांवरून एक किस्सा पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय. विमानात बसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन नोंदवणारा एक अधिकारी प्रोग्रामरला विचारतो, तुमच्या सॉफ्टवेअरचं वजन किती? शून्य, प्रोग्रामर म्हणतो. अधिकारी कार्डांचा गठ्ठा त्याच्यापुढे आपटतो, हे शून्य? प्रोग्रामर शांतपणे सांगतो, साहेब, आम्ही फक्त भोकं वापरतो. किस्सा खरा की रचलेला, कोण जाणे. पण फंडा पक्का आहे. कार्डावर जितकी जास्त भोकं, तितकं कार्ड हलकं!

आता आजच्या फोनकडे या. फोटो काढला की मेमरीत काहीतरी 'भरलं' जातं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात चिपमध्ये अब्जावधी चिमुकले कप्पे असतात आणि काही कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडले जातात. हे इलेक्ट्रॉन बाहेरून आणलेले नसतात. ते चिपमध्येच होते, फक्त इकडून तिकडे सरकले. घरातला सोफा हॉलमधून बेडरूममध्ये नेला म्हणून बिल्डिंगचं वजन वाढत नाही, तसंच.

पण कोंडलेल्या इलेक्ट्रॉनकडे थोडी जास्त ऊर्जा असते, आणि ऊर्जा म्हटली की आइन्स्टाइन आलाच. त्याच्या समीकरणाप्रमाणे ऊर्जेलाही वस्तुमान असतं. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बर्कलीच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातले कॉम्प्युटर सायंटिस्ट जॉन कुबियाटोविच यांना विचारलं की किंडलमध्ये पुस्तकं भरली तर ते जड होतं का. त्यांनी हिशेब करून सांगितलं, हो, होतं! चार जीबीचं किंडल काठोकाठ भरलं तर वाढणारं वजन किती? एका ग्रॅमचे अब्ज तुकडे करा, त्यातला एक उचला आणि त्याचे पुन्हा अब्ज तुकडे करा. त्यातला एक. बोईसरच्या सोनाराचा काटा सोडाच, हे मोजणारा काटा जगात कुठे मिळायचा नाही.

उलट नुसता फोन चार्ज केलात तरी याच्या कित्येक कोटी पट वजन वाढतं. पाच हजार एमएएचची बॅटरी फुल्ल केली की ग्रॅमच्या एक अब्जांश भागापेक्षा किंचित कमी, एवढी भर पडते. तेव्हा फोन हलका करायचाच असेल तर फोटो ठेवा आणि बॅटरी संपू द्या! शिवाय डिलीट केलेला फोटो त्याच क्षणी पुसला जातोच असं नाही. बऱ्याचदा फोन फक्त 'ही जागा मोकळी समजा' अशी नोंद करतो. फोन 'जड' होतो तो चालायला. चिपला नवं लिहिण्याआधी मोठे मोठे ठोकळे पुसून मोकळे करावे लागतात आणि जागाच उरली नाही की तिची धावपळ होते. त्यामुळे फोटो उडवायला सांगणारी आई तक्रारीचं कारण चुकीचं देते, उपाय बरोबर.

ऊर्जेचं वजन कुणाला समजावायचं, तर सरावलीकरांइतके सोयीचे श्रोते नाहीत. जवळच तारापूर अणुशक्ती केंद्र आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या. पुढच्या दोन, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. यातली एक अणुभट्टी दिवसभर पूर्ण क्षमतेने चालली तर तिने दिलेल्या सगळ्या विजेचं वस्तुमान भरतं अर्धा ग्रॅम. फक्त अर्धा! आतल्या इंधनाचं वजन घटतं ते याच्या तिपटीच्या आसपास, कारण बरीचशी उष्णता वीज न होताच समुद्राच्या पाण्यात जाते.

तिकडे अमेरिकेत रसेल सायट्झ या फिजिसिस्टने इंटरनेट चालवणाऱ्या, धावत्या इलेक्ट्रॉन्सचं एकूण वजन काढलं होतं. ते आलं ५० ग्रॅमच्या आसपास. तिथल्या लोकांनी त्याला 'एका स्ट्रॉबेरीएवढं' म्हटलं. आपण घोलवडचा लहानसा चिकू म्हणू. इंटरनेट तेव्हापासून अफाट वाढलंय, त्यामुळे आता किती चिकू ते विचारू नका.

हे अर्धा ग्रॅम आणि चिकू ऐकून डेटा अगदी पिसासारखा वाटायला लागतो. पण तो राहतो कुठे? ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये लोखंडी रॅक आहेत, टनावारी बॅटऱ्या आहेत, रात्रंदिवस घरघरणारे एसी आहेत. त्यांना लागणारी वीज ग्रिडमधून येते, आणि तारापूरची वीजही पश्चिमेच्या त्याच ग्रिडमध्ये मिसळते. तुमचं कुठलं रील कुठल्या विजेवर चाललं हे त्यातून वेगळं काढता येत नाही. एवढं मात्र सांगता येतं की २००५-०६ च्या त्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. घरं, शेतं, होड्या लावायची किनाऱ्यावरची जागा, सगळं मागे राहिलं आणि माणसं नव्या वसाहतींत गेली. सरावलीच्या बाजारात त्यांच्यापैकी कुणी भेटलं, तर त्या अर्ध्या ग्रॅमचा हिशेब त्यांना विचारा. तो वेगळाच निघेल.