छायाचित्रांनीं फोडलेली वाचा

१९४३ सालीं बंगालांत माणसें अन्नावांचून रस्त्यांवर मरत होतीं. तरी सरकार दुष्काळ जाहीर करीना. जाहीर केला कीं दुष्काळ-संहितेप्रमाणें अन्न पुरविण्याचें बंधन येतें, हें कारण आम्हांस उघड दिसतें. युद्धकालीन निर्बंधांनीं वृत्तपत्रांचीं तोंडें बांधलेलीं. अशा वेळीं कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांस फट सांपडली: निर्बंधांत छायाचित्रांचा उल्लेखच नव्हता! २२ ऑगस्टच्या अंकांत त्यांनीं उपासमारीनें खंगलेल्या बायकामुलांचीं चित्रें छापलीं. पत्र इंग्रजी मालकीचें, संपादक इंग्रज, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों. चित्रकार चित्तप्रसाद यांच्या 'हंग्री बंगाल' पुस्तिकेच्या प्रती मात्र सरकारनें जाळल्या. चित्रें छापूनही, लष्कर मदतीस धाडण्यास नवे व्हाइसरॉय वेव्हेल यांची ऑक्टोबरांतील कलकत्ता-भेट उजाडावी लागली. चौकशी-मंडळानें १९४५ सालीं मृतांची संख्या सुमारें १५ लाख धरली. पुढील अभ्यासकांनीं ती बरीच वाढविली आहे.